मंगळवारचं दूध

माझा नवरा आफ्रिकेला निघाला तेव्हा चाळीतल्या बायकांनी त्याला दोन गोष्टी बजावल्या. पाणी उकळून पी, आणि तिकडं तो आजार आहे, जपून राहा. आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत त्याला नाव नव्हतंच, नुसतं ‘तो’ म्हटलं की पुरे व्हायचं. त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी कोंबताना मीही तेच सांगितलं, आणि तो हसला. मी चिडले. मला खरोखरच भीती वाटत होती, आणि माझ्या भीतीला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं.

तो पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होता. बारा-बारा तास वाफेत उभं राहायचं. घरी आला की नखांत त्या दिवशीचा रंग असायचा, आणि त्यावरून मी ओळखायची आज कोणती साडी निघाली. मिलमधला एक जुना मास्तर युगांडातल्या कापडगिरणीत गेला होता, त्यानं याला बोलावलं. पगार दुप्पट, राहणं फुकट, करार दोन वर्षांचा. आमची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. चाळीत युगांडा कुणी म्हणत नसे. सगळे आफ्रिकाच म्हणत, जणू ते शिरपूरच्या पलीकडचं एखादं गाव आहे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येता येतं.

माझ्या खोलीला लागून जी खोली होती, तिथली बाई माझ्याहून चार वर्षांनी लहान. अमळनेरकडची. मला थोरल्या बहिणीसारखं जिजी म्हणायची. तिचा नवरा पॉवरलूमवर, माणूस कामाचा पण तापट. ती बमरोलीच्या एका कारखान्यात साड्यांना घड्या घालायला जायची. तिला मुलगा झाला आणि अडीच महिन्यांत मालकाचं बोलावणं आलं, येणार असशील तर ये, नाहीतर दुसरी ठेवतो. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची. टेम्पोवाला सकाळी गठ्ठा टाकून जायचा, संध्याकाळी उचलून न्यायचा. माझी मुलगी अंगावर पीत होती, मला दूध भरपूर होतं. त्यामुळे तिच्या मुलाला मी पाजायचं, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आमच्याकडं गावाला कापूस वेचायला बायका गेल्या की जी मागं राहते ती रडणाऱ्या कुठल्याही लेकराला पदराखाली घेते. याला कुणी उपकार म्हणत नाही. सुरतेत येताना आम्ही पाटा-वरवंटा आणला, जात्यावरची गाणी विसरलो, पण ही रीत आपोआप बरोबर आली. पहिल्या दिवशी तिनं माझ्या पदरात गुळाचा खडा आणि खोबऱ्याचा तुकडा घातला आणि मुलगा हातात दिला. बायकांनी थट्टा केली की आता हे दूधभाऊ-दूधबहीण झाले, उद्या मोठेपणी एकमेकांच्या प्रेमात पडले तर चाळ वर-खाली होईल. त्यानंतर साडेचार महिने तो मुलगा रोज दुपारी माझ्याकडे प्यायला. सकाळी आणि रात्री तिच्याकडे. माझ्या मुलीला आधी राग यायचा, ती त्याचं डोकं ढकलायची. मग तीही सवयीनं त्याच्या पायाशी खेळत बसायची.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या मागच्या गल्लीत एकटा राहणारा एक माणूस होता, लूमवर काम करायचा आणि खाणावळीत जेवायचा. त्याला तो आजार आहे असं कसं कोण जाणे पसरलं. खाणावळवालीनं त्याचं ताट वेगळं केलं, आणि चुकून दुसऱ्याला जाऊ नये म्हणून काठाला खिळ्यानं भोक पाडलं. महिन्याभरात ते ताटही बंद झालं. मग घरमालकानं त्याची भांडी बाहेर ठेवली. त्या दिवशी मी नळावर होते. तो आपली भांडी गोणीत भरत होता आणि मी नाकाला पदर लावला. का लावला ते मला आजही सांगता येत नाही, वास तर कसलाच नव्हता. त्यानं ते पाहिलं. पुढं तो कुठं गेला हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तर सोमवारी दुपारी साडेतीनला नवऱ्याचा फोन आला. तो एरवी रात्री जेवण झाल्यावर करायचा. साडेतीन म्हणजे तिथली जेवणाची सुट्टी. मला वाटलं हात मशीनमध्ये गेला.

हात शाबूत होता. तो हळूहळू सांगत गेला. तिथं दर थोड्या महिन्यांनी मिलच्या गेटवर तपासणीची गाडी येते. बाहेर खुर्च्या टाकतात, बोटाला टोचतात, वीस मिनिटांत निकाल. कामगार चहाला थांबावं तसे गप्पा मारत रांगेत उभे राहतात, बायासुद्धा. त्याच्या हाताखालच्या पोरानं चिडवलं की हिंदुस्थानी लोक सुईला घाबरतात, म्हणून हा गमतीत उभा राहिला. मग तिथल्या नर्सनं त्याला बाजूला झाडाखाली नेऊन बसवलं. त्याच दिवशी महिन्याच्या गोळ्या दिल्या. डबीवर खाली बारीक अक्षरात आपल्याच देशाचं नाव होतं, हे सांगताना तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फाटला. नर्सनं विचारलं की घरी कोण आहे, आणि तिला तुम्ही सांगणार की आम्ही मदत करू? हा म्हणाला मी सांगतो. ते सांगायला त्यानं चार दिवस घेतले.

“तू बी तपासी ले,” तो म्हणाला. “पोरीले बी.”

फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला मला लाज वाटते, पण तेच लिहायला बसले आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. मी बोटांवर हिशेब केला. मुलगी पोटात असताना चौथ्या महिन्यात आरोग्य केंद्रात रक्त घेतलं होतं, तेव्हा ते चांगलं होतं. नवरा जाऊन दहा महिने झाले, मध्ये एकदाही आला नाही. आजार आफ्रिकेतला. तो तिकडं, मी इकडं. त्याला तिकडं झाला असेल तर माझ्यापर्यंत यायला वाटच नाही. मी नवऱ्यासाठी रडायला हवं होतं, आणि मी देवासमोर उभं राहून आपण मायलेकी वाचलो म्हणून हात जोडत होते. मग संतापले. तिकडं जाऊन काय दिवे लावले ते कळलं, असं भिंतीला बोलले. मग पुन्हा भीती वाटायला लागली, कारण त्यानं ‘पोरीले बी’ का म्हटलं असेल हे काही केल्या डोक्यातून जाईना.

मंगळवारी सकाळी शेजारीण नेहमीसारखी मुलाला माझ्या चटईवर ठेवून कामाला गेली. मी ठरवलं होतं, बुधवारी तपासून येईपर्यंत याला पाजायचं नाही. मुलीलाही नाही. मुलगी भात-वरण खायची, तिचं निभलं. तो सात महिन्यांचा. त्याला मी साखरेचं पाणी दिलं, दुधात बिस्किट भिजवून चमच्यानं दिलं. त्यानं चमचा जिभेनं बाहेर ढकलला. बारा वाजल्यापासून रडायला लागला आणि थांबेना. चाळीत लेकरू पाच मिनिटांपेक्षा जास्त रडलं की दारं उघडतात. समोरच्या मावशींनी ओटीवरूनच विचारलं, काय गं, पोराला उपाशी मारतेस का, आज पाजत नाहीस का?

आज नाही तर का नाही, बरं नाही का, काय होतंय, नवऱ्याचा फोन काल अवेळी का आला होता. हे सगळे प्रश्न मला तिच्या तोंडून एकामागून एक येताना दिसले. त्यांच्या शेवटी त्या माणसाची भांडी होती. मी म्हटलं, पाजतेच आहे मावशी, आणि दार लोटून घेतलं. एक वाजला होता. मी भिंतीकडं तोंड करून बसले आणि त्याला पदराखाली घेतलं. तो हुंदके देत देत प्यायला. मी स्वतःला समजावत होते, आजार आफ्रिकेतला आहे, आजार तिकडचा आहे, तुला काही झालेलं नाही. पण खरंच तसं वाटत असतं तर मी सकाळपासून त्याला उपाशी ठेवलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तो झोपेपर्यंत मी त्याला काढलं नाही.

संध्याकाळी त्याची आई आली तेव्हा मी तिला सांगितलं की आज यानं माझं घेतलंच नाही, बिस्किट खाऊन राहिला. ती खूश झाली. पोरगं वरचं खायला लागलं म्हणून तिनं मला तिच्या घरची भेंडीची भाजी वाटीभर आणून दिली. मी ती घेतली.

बुधवारी मुलीला डोस द्यायचा आहे असं सांगून, शेजारणीच्या मुलाला समोरच्या मावशींकडं ठेवायला लावून, सरकारी दवाखान्यात गेले. तपासणीची खोली मागच्या बाजूला होती, आणि तिथपर्यंत जाताना प्रत्येक माणूस माझ्या गल्लीतला वाटत होता. मी डोक्यावरून पदर इतका ओढला की एका खाटेला धडकले. आत समुपदेशक बाई होत्या, गुजराती, माझ्याच वयाच्या. बेसो बेन, बसा बाई, म्हणाल्या. भिंतीवर गुजरातीत लिहिलं होतं की अशा माणसाला घरातून, कामावरून, शाळेतून काढणं हा कायद्यानं गुन्हा आहे. ते वाचून मला धीर यायला हवा होता. मला एवढंच वाटलं की लोक असं करतात म्हणूनच लिहायला लागलं ना.

माझ्या रक्तात आजार निघाला. मुलीचं चांगलं निघालं, पण ती पीत होती म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागणार होतं. बाई शांतपणे समजावत होत्या, गोळी रोज एक, फुकट मिळेल, नियमानं घेतली तर तुम्ही म्हातारपणी दात पडेपर्यंत जगाल. मला ऐकू येत होतं आणि कळत काहीच नव्हतं. मी एकच विचारलं. माझा नवरा आफ्रिकेत आहे, तो दहा महिने आलेला नाही, मग मला कसा झाला? त्यांनी माझा कागद ओढून त्यावरच्या तारखा पाहिल्या. मग म्हणाल्या, बेन, मग तो तिकडून नाही आला.

म्हणजे आजार इथलाच होता. सातव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी माहेरी गेले होते आणि मुलगी दोन महिन्यांची झाल्यावर परतले. मधल्या काळात नवरा एकटा होता आणि त्याचे मिलमधले दोस्त होते. त्यांच्याबरोबर तो कुठल्या बायांकडं गेला ते पुढं त्यानं आपण होऊन कबूल केलं, मला खोदून विचारावं लागलं नाही. विमानात बसण्यापूर्वीच त्याच्या अंगात तो होता. आफ्रिकेनं त्याला फक्त सांगितलं. सुरतेत त्याला दहा वर्षांत कुणी मिलच्या गेटवर थांबवून विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तो मागच्या दारानं पळाला असता.

पण हे सगळं नंतरचं. त्या खुर्चीवर बसून मला फक्त तो मुलगा दिसत होता. मी बाईंना म्हटलं, माझी एक ओळखीची आहे, तिचंही असंच निघालं, आणि तिनं दुसऱ्या बाईच्या बाळाला पाजलंय. त्यांनी पेन खाली ठेवलं. शेवटचं कधी, म्हणाल्या. मी म्हटलं, एवढ्यातच. त्या म्हणाल्या, तुमच्या ओळखीच्या बाईला सांगा की बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन लगेच या. शेवटचं दूध बाहत्तर तासांच्या आतलं असेल तर डॉक्टर तपासून लागण थांबवायचं औषध सुरू करू शकतात. बाहत्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि जितक्या लवकर तितकं बरं.

मग मी विनवलं की तुम्हीच सांगा त्या बाळाच्या आईला, मी पत्ता देते. त्या म्हणाल्या की मी बरोबर बसेन, काय बोलायचं ते शिकवेन, पण तुमच्या आजाराचं तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगू शकत नाही, आणि माझ्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. तो कायदा माझ्यासारख्यांना जपायला केलेला होता. त्या घटकेला मला त्याचा भयंकर राग आला. मला कुणीतरी चोरासारखं पकडून तिच्यासमोर उभं करायला हवं होतं, म्हणजे मला काही ठरवावं लागलं नसतं. मंगळवारी दुपारचा एक. तिथून बाहत्तर तास म्हणजे शुक्रवारी दुपारचा एक. घरी येईपर्यंत रिक्षात मी तेवढंच मोजत होते.

बुधवारी संध्याकाळी सांगायला गेले आणि तिचा नवरा घरात बसलेला पाहून साखर मागून परत आले. गुरुवारी सकाळी तिला म्हटलं, मला ताप आहे, गोळ्या सुरू आहेत, आज पाजायला नको. ती कामावर गेली नाही. ती माझ्यासाठी पेज करून घेऊन आली आणि माझ्या मुलीलाही उचलून तिच्या खोलीत घेऊन गेली. दिवसभर भिंतीपलीकडून तिचं आणि दोन्ही लेकरांचं हसणं ऐकू येत होतं. मी गठ्ठा उघडून धागे कापत होते, आणि एका साडीचा काठच कातरला. सांगितलं तर काय होईल ते मला पाठ होतं. तिचा नवरा दार तोडील. घरमालक येईल. मुलीला घेऊन मी कुठं जाणार, सासू म्हणेल तूच आणलास. न सांगितलं तर काय होईल तेही कळत होतं. फरक एवढाच की ते होताना मला दिसलं नसतं.

संध्याकाळी साडेपाचला ती मुलीला सोडायला आली, मुलगा कडेवर. तिचा नवरा पाळीवर गेला होता. मी दार लावून घेतलं आणि खाली बघत सांगितलं. सोमवारी फोन आला. काल तपासलं. माझ्यातही आहे. तुझ्या मुलाला उद्या सकाळीच न्यायला हवं.

तिनं आधी मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं एकच विचारलं, सोमवारनंतर पाजलंस का? मी नाही म्हटलं. तुला सांगितलं ना, मंगळवारी बिस्किटावर राहिला.

का खोटं बोलले? बाहत्तर तासांचं मला माहीत होतं. मनात असं ठरवलं होतं की दवाखान्यात डॉक्टरांना बाजूला गाठून खरं सांगेन, औषध तर मिळेलच, आणि हिला तेवढं एक कळायला नको. आधीचे साडेचार महिने मला माहीत नव्हतं, त्याला कुणीही माफ करील. मंगळवारचं दूध वेगळं होतं. ती मुलाला पदरात गुंडाळून तिच्या खोलीत गेली. मी आत बसून तिच्या नवऱ्याच्या पावलांची वाट पाहत राहिले. दोन पातेली आणि मुलीचे कपडे मी पिशवीत भरूनही ठेवले.

कुणी आलं नाही. शुक्रवारी सकाळी साडेनऊला ती दाराशी उभी होती, केस बांधलेले, मुलाला टोपी घातलेली.

“चाल जिजी,” ती म्हणाली. “माले तो दवाखाना माहीत नही.”

रिक्षात ती माझ्या शेजारीच बसली. लिंबायतच्या गर्दीतून निघायलाच पाऊण तास गेला, पुढं एक टेम्पो आडवा झाला होता. मी सारखी मोबाइलवर वेळ पाहत होते आणि ती मला पाहत होती. दवाखान्यात रांग. अकरा वाजता मुलाच्या बोटाला टोचलं. तो माझ्याकडं बघून रडला, कारण एरवी तो रडला की मी घ्यायची, आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. निकाल आला, चांगला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली. पण बाईंनी सांगितलं की हा आजचा निकाल, अलीकडचं दूध यात दिसणार नाही, डॉक्टरांकडं चला.

डॉक्टर तरुण होते. मी त्यांना एकट्यात गाठायचं ठरवलं होतं, पण आम्हाला दोघींना एकदमच आत घेतलं. टेबलाच्या अलीकडं दोन खुर्च्या, एकीवर ती मुलाला मांडीवर घेऊन, दुसरीवर मी. डॉक्टरांनी कागद ओढला आणि मला विचारलं, “आखरी बार दूध कब पिलाया?”

भिंतीवरचं घड्याळ बाराला वीस कमी दाखवत होतं. मी सोमवार म्हटलं असतं तर तिथंच सगळं संपत होतं. चार दिवस झाले, औषधाचा उपयोग नाही, तीन महिन्यांनी या. ती मला जिजी म्हणत राहिली असती. मी तिच्या मुलाकडं पाहिलं. टोपी डोळ्यांवर आली होती आणि ती वर सरकवायला तिचा हात गेला. तो हात तिथंच थांबला होता, कारण मी उत्तर द्यायला वेळ लावत होते. इतकी भीती मला माझा स्वतःचा निकाल घेतानाही वाटली नव्हती.

मंगळवारी, मी म्हटलं. मंगळवारी दुपारी एक वाजता.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर मोजलं आणि भराभर लिहायला लागले. दोन औषधं, अठ्ठावीस दिवस, एकही वेळ चुकवायची नाही, पहिला डोस आत्ता इथंच, माझ्यासमोर. नर्सनं पिचकारीनं मुलाच्या गालात औषध सोडलं. त्यानं तोंड वाकडं केलं आणि गिळलं. एक वाजायला अजून वेळ होता. तिच्याकडं बघायची हिंमत मला झाली नाही.

बाहेर व्हरांड्यात ती थांबली. आजूबाजूला माणसं होती, म्हणून अगदी हळू बोलली.

“सोमवारले फोन उना व्हता ना?”

हो, सोमवारीच आला होता, मी म्हटलं. तिनं मान हलवली, जशी हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. मग ती पुढं चालायला लागली आणि तिनं वेगळी रिक्षा केली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही पुरतं नाही. मुलाला कावीळ आहे, औषध आहे एवढंच सांगितलं, हे मला समोरच्या मावशींकडून कळलं. चाळीला आजतागायत काही कळलेलं नाही. एका शब्दात ती मला रस्त्यावर आणू शकत होती. तो शब्द तिनं उच्चारला नाही, आणि मला दुसराही कुठला शब्द दिला नाही. काम सोडून ती घरी बसली. दार अर्धं लावलेलं असायचं. अठ्ठावीस दिवस सकाळी आठला आणि रात्री आठला भिंतीपलीकडून मुलगा औषधाला कुरकुरताना ऐकू यायचा. आठ वाजून गेले आणि आवाज आला नाही की मी उठून भिंतीला कान लावायची. एकदा साडेआठ झाले तरी मी भिंतीला कान लावूनच उभी होते. मग ऐकू आला.

नवरा फोनवर सांगायचा की तिकडंही सगळं सरळ नाही. गेटवर हसत उभा राहणारा त्याच्या हाताखालचा तो पोऱ्या स्वतःच्या अशाच गोळ्या साखरेच्या डब्यात लपवतो, सासरच्यांना कळलं तर बायको परत नेतील म्हणून. पण निदान तो घेतो, आणि कुठं मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. सासूला आम्ही नंतर सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, त्या आफ्रिकेनं माझा मुलगा खाल्ला. मी तिला तारखा समजावून सांगितल्या, दोनदा. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. मी भांडले नाही. एका मंगळवारी मीही तेच म्हणत होते.

तीन महिन्यांनी माझ्या मुलीचा निकाल चांगला आला. मी पेढे आणले आणि कुणाला वाटणार हे न कळून ते तसेच फडताळात ठेवले. त्याच आठवड्यात त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं. बमरोलीला खोली घेतली असं मावशी म्हणाल्या. मी दार लावून आतच बसले होते. दारावर थाप पडली.

ती उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. मुलगा कडेवर होता, वाढला होता, त्याला दात आले होते. मला पाहून त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि पूर्ण अंगानं माझ्याकडं झेपावला. तिनं त्याला घट्ट धरलं आणि अर्धं पाऊल मागे घेतलं.

“काल दुसरी तपासणी झायी,” ती म्हणाली. “पोऱ्याले काहीच नही.”

मी काही बोलायच्या आत ती वळली. टेम्पोपर्यंत तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडं हात करून रडत होता. नऊ वर्षं झाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.